अंधेरीत भेटलेला माळवा

गेल्या हिवाळ्यात चिरंजीवांकडे मुंबईस गेलो असता एका सायंकाळी त्यांनी आम्हांस अंधेरीच्या एका गल्लीतील गाण्याच्या बैठकीस नेले. 'बैठक' हा शब्द आमचा. तिकिटावर 'कबीर कॅफे' असे होते. कबीर आणि कॅफे ही जोडगोळी पाहून आमच्यातला मराठीचा मास्तर मनातल्या मनात लाल पेन्सिल शोधू लागला, हे कबूल केले पाहिजे.

खोली जेमतेम साठ-सत्तर माणसांची. व्यासपीठ वीतभर उंच. वादकाने पाय लांब केला असता तर पुढच्या श्रोत्यास लागला असता. गिटार, मॅंडोलिन, बास, तालवाद्ये आणि दाक्षिणात्य वळणाचे व्हायोलिन. २०१३ पासून ही मंडळी मुंबईत कबीर गात आहेत. प्रमुख गायक नीरज आर्य यांनी पहिले पद उचलले मात्र, आम्ही चमकलो. तालवाद्ये अंमळ अधिकच दणदणत होती, काही शब्द त्यांत बुडतही होते. पण खालून वाहणारी चाल आमच्या माळव्यातली, तंबुरा-करतालांची!

"बाबा, हे आपल्याच बाजूचं आहे," चिरंजीव कानाशी म्हणाले. आर्य ज्यांना गुरुस्थानी मानतात ते प्रह्लादसिंह टिपानिया लुनियाखेडीचे. आम्हां देवासकरांना हे गाव मक्सीच्या बाजूस, तासाभराच्या वाटेवर. २०११ साली पद्मश्री मिळालेले हे गायक सरकारी शाळेत शिक्षक होते, म्हणजे आमचे व्यवसायबंधूच. आणि आम्ही तेथे एकदाही गेलेलो नाही.

देवासच्या मराठी घरांना कबीर भेटला तो कुमार गंधर्वांच्या कंठातून. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमारजी येथे आले आणि माळव्याचे लोकसंगीत त्यांच्या कानी पडले. त्यांची निर्गुणी भजने ऐकताना आमचे वडील डोळे पुसत. मात्र खेड्यातली भजनमंडळी आळीमागच्या ओट्यावर रात्र जागवू लागली की तेच वडील खिडकी लावून घेत. "झोपा आता, उद्या शाळा आहे!"

वडिलांना दोष कशाला द्यावा? तीन वर्षांपूर्वी एका मंडळीने पौर्णिमेच्या रात्री आमच्या शाळेचे पटांगण मागितले, तेव्हा परीक्षेचे निमित्त सांगून आम्हीच त्यांची बोळवण केली होती. परीक्षा संपून दोन दिवस झाले होते.

अखेरच्या पदाला आर्य यांनी श्रोत्यांना साथ करण्यास सांगितले. आमच्या शेजारच्या, कानात डूल घातलेल्या मुलाला सारे शब्द पाठ होते. आम्हांला धृपदापुढे एकही ओळ येईना. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवीत राहिलो.

देवासला परतल्यावर दप्तरातून तो जुना अर्ज शोधून काढला. खाली अंगठ्याचा ठसा आणि गावाचे नाव आहे. शिपायाकरवी निरोप धाडला आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.