कपाटाला सांगा, 'पडू नको!'

मुलांनो, आमची चिऊ दीड वर्षाची. 'चढू नको' म्हटलं की हमखास चढणार! ड्रॉवरचं कपाट तर तिला शिडीच वाटतं. पण ड्रॉवर उघडे अन् त्यावर मूल, की सगळं वजन पुढं येतं आणि कपाट अंगावर कोसळतं. म्हणून भोकरच्या आमच्या घरी कपाटाचा माथा लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळलाय. विटांच्या भिंतीत स्क्रू धरतो. मातीच्या भिंतीतून निघून येतो, तिथं लाकडी खांबाला बांधावं. भूकंपातही ही पट्टी कामी येते. १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला होता.

चिऊला सांगून कळत नाही. कपाटाला मात्र 'पडू नको' असं सांगता येतं, दोन स्क्रूंनी! तुमच्या घरी धाकटं भावंड आहे? मग आजच आई-बाबांना कपाट दाखवा.