अनुदान आहे, हात हवेत

गावातलं सार्वजनिक वाचनालय सरकारी असतं, असा पुष्कळांचा समज असतो. महाराष्ट्रात तसं नाही. मोजकी शासकीय ग्रंथालयं सोडली तर राज्यातली हजारो वाचनालयं नोंदणीकृत संस्था चालवतात. शासन त्यांना मान्यता देतं, वर्ग ठरवून देतं आणि परिरक्षण अनुदान देतं. कार्यकारी मंडळावरचे शिक्षक, किराणा दुकानदार, निवृत्त तलाठी बिनपगारी काम करत असतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, म्हणजे ग्रंथालय कायदा होण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीचं. स्वयंसेवा आपल्याकडे आधीपासून होती, अनुदान मागाहून आलं.

ते आलं १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानं. मद्रास प्रांतानं १९४८च्या कायद्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर बसवला होता. आपल्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे पैसा येतो तो राज्याच्या अर्थसंकल्पातून, आणि वाढीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. २०१२च्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि वर्गबदल तर बराच काळ थांबलेच होते.

ग्रंथालयशास्त्र शिकवता शिकवता मी खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांची दप्तरं लावून देण्याचं काम करतो, म्हणून हिशेब तोंडपाठ आहे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला अनेक वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत. त्यातले निम्मे वेतनाचे, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला १,२५० रुपये. नोव्हेंबर २०२२मध्ये मंत्रिमंडळानं अनुदानात साठ टक्के वाढ मंजूर केली. त्या हिशेबानंही ही रक्कम दोन हजारांच्या आसपासच जाते. ग्रंथपाल बहुधा एखादी गृहिणी असते. संध्याकाळी कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, वर्तमानपत्रं मांडायची, देवघेव करायची, वर्गणीच्या पावत्या फाडायच्या आणि वर्षअखेरीला वार्षिक अहवाल व लेखापरीक्षणाची कागदपत्रं तयार ठेवायची. एवढ्या पैशांत तिनं आणखी काय करावं?

पुस्तकांची स्थिती त्यामानानं बरी म्हणायची. वेतनेतर अनुदानातून खरेदी होते. शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनेत केंद्र आणि राज्य मिळून पैसा घालतात आणि त्यातून ग्रंथभेट येते. गठ्ठे येतात, पण ते सोडून दाखल नोंदवहीत चढवायला, शिक्के मारायला, वर्गांक घालायला माणूस नसतो. पुस्तकं तशीच सुतळीत राहतात.

आता दुसऱ्या खात्याकडे बघा. १९६९पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. जोडीला दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. मुलं गावात येतात, शोषखड्डे खणतात, प्रभातफेरी काढतात, रात्री मंदिरासमोर पथनाट्य करतात. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याच मंदिरामागच्या खोलीत वाचनालय असतं, आणि शिबिराच्या सात दिवसांत तिथं सहसा कोणी फिरकत नाही. एक योजना पुस्तकं देते, दुसरी माणसं देते, आणि एकाच गावात असून दोघींची गाठ पडत नाही.

गाठ पडली की काय होतं, ते मी पाहिलं आहे. एका शिबिरात आम्ही पुस्तकमोजणी घेतली. एक मुलगी कपाटासमोर उभी राहून दाखल क्रमांक पुकारायची, दुसरी नोंदवहीत खूण करायची, तिसरा मुलगा कोरड्या फडक्यानं पान न् पान झटकायचा. खालच्या खणात वाळवीनं बांधणी खाल्लेली पुस्तकं निघाली, ती वेगळी काढली. मोजणी चालू असतानाच गावातल्या बायका दारात येऊन थांबल्या; पाककृतींचं पुस्तक आहे का, भजनाचं आहे का, विचारू लागल्या. ग्रंथपालबाईंनी तिथल्या तिथे मागणी नोंदवही उघडली. पुढची खरेदी त्या वहीवरून झाली. इतकी नेमकी ग्रंथनिवड मंडळाच्या बैठकीत बसून जमली नसती.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगतो. फुकट हात मिळाले म्हणून ग्रंथपालाच्या वेतनाला हात लावता कामा नये. मुलं येतात नि जातात. कोणत्या आजीला डोळ्यांमुळे मोठ्या टाइपातलं पुस्तक लागतं, हे ध्यानात ठेवायला कायमचं माणूसच लागतं. स्वयंसेवकांनी मोजणी करावी, घरपोच पुस्तकं न्यावीत, अंध वाचकाला वाचून दाखवावं, रविवारी लहान मुलांना गोष्टी सांगाव्यात. देवघेव आणि दप्तर ग्रंथपालाकडेच राहावं, आणि तिला पोटापुरतं वेतन मिळावं ही मागणी कार्यकारी मंडळानं सोडू नये.

यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहायचं कारण नाही. महाविद्यालयांत सेवा योजनेची वार्षिक आखणी वर्षाच्या सुरुवातीला होते. तेव्हाच वाचनालयानं प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र द्यावं. ‘सहकार्य करावे’ असं मोघम लिहू नये. किती पुस्तकांची मोजणी बाकी आहे, कोणती कामं नि कोणत्या वेळी, एका वेळी खोलीत किती मुलं मावतील, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय काय, हे लिहावं. तासांची हजेरी ग्रंथपालानं सहीनिशी ठेवावी, म्हणजे ते तास मुलांच्या १२० तासांत धरता येतील. गोंद, फडकी आणि कोऱ्या नोंदवह्या मंडळानं आधीच आणून ठेवाव्यात.