पाणी येण्याआधी

सामना संपला की आमची पोरं आधी स्कोअरबोर्ड उघडतात. कोणी किती मारले, कोण किती वेळा मेलं. मी रिप्ले उघडते आणि ज्या मिनिटात कुणी मेलेलं नाही, कुणी कुणाला मारलेलं नाही, असं एखादं मिनिट शोधते. पोरं कंटाळतात. त्यांना आपली मोठी फाइट पुन्हा बघायची असते. पण पंधराहून जास्त वर्षं डोटा खेळल्यावर आणि गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलामुलींना शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की सामना त्या शांत मिनिटात ठरतो. फाइट फक्त त्यावर सही करते.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. नकाशा चौकोनी. खालच्या डाव्या कोपऱ्यात रेडियंट, वरच्या उजव्या कोपऱ्यात डायर. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि मधून तिरकी वाहणारी नदी. एका तळाकडून दुसऱ्या तळाकडे तीन वाटा जातात, त्यांना लेन म्हणतात. प्रत्येक लेनवर दोन्ही बाजूंचे तीन-तीन टॉवर, आणि एन्शंट नावाच्या मुख्य वास्तूपुढे आणखी दोन, म्हणजे एका बाजूचे अकरा. दर ३० सेकंदांनी दोन्ही तळांवरून क्रीप, म्हणजे संगणक चालवतो ते छोटे शिपाई, तिन्ही लेनमधून निघतात. एन्शंट पडला की खेळ संपला. समोरच्याला शंभर वेळा मारलं तरी तेवढ्यानं खेळ संपत नाही.

नियम इतका सरळ आहे, तरी तो हाडात मुरायला फार वेळ लागतो. मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॅफेत बसून वॉरक्राफ्ट ३ वरचा जुना डोटा खेळायचे. खोलीत दहा मशीन, दारात चपलांचा ढीग. कुणी कुणाला मारलं की अख्खी खोली ओरडायची. टॉवर पडला तर कुणी मान वर करायचं नाही. त्या खोलीत शिकलेला माणूस मारण्यालाच खेळ समजणार, त्याला दोष कसा द्यायचा? एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली, तेव्हा जगातले मोठे संघ डोळ्यांसमोर खेळताना बघितले. तिथेही गर्दी किलवरच उसळत होती. माझ्या शेजारी बसलेला शाळकरी मुलगा मात्र प्रत्येक वॉर्ड, म्हणजे नकाशावर रोवून ठेवलेला डोळा, कुठे लागतो ते वहीत टिपत होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मारलेला शत्रू म्हणजे हाती आलेला वेळ. पंचविसाव्या मिनिटाला समोरचा एक गडी पडला, तर तो अर्धा-पाऊण मिनिट नकाशावर नाही. तेवढा वेळ तुमच्या खिशात आला आणि तो लगेच खर्च करायचा आहे, साठवता येत नाही. त्यात टॉवर घेता येतो. रोशन नावाच्या राक्षसाच्या गुहेत जाता येतं. त्यांच्या जंगलात वॉर्ड लावून पुढची पाच-सहा मिनिटं त्यांची हालचाल बघता येते. लेन पुढे ढकलून घरी परतून सामान घेतलं, तरी तो वेळ वाया गेला नाही. पण बहुतेक संघ काय करतात? तीन मारले की चौथ्याच्या मागे धावतात. चौथा झाडांत शिरतो, हे पाचजण त्याच्या मागे फिरतात, आणि तेवढ्यात पहिले तिघं उठून उभे राहतात. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की चौथा पळायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

टॉवरचंही तसंच. नवा खेळाडू टॉवरकडे सोन्याचा हंडा म्हणून बघतो. सोनं मिळतं, साऱ्या संघाला मिळतं, हे खरं. पण टॉवर उभा असतो तेव्हा आजूबाजूचं दिसतं, अदृश्य होऊन आलेलाही दिसतो, आणि टीपी, म्हणजे टेलिपोर्ट, वापरून काही क्षणांत तिथे पोचता येतं. तो पडला की त्या भागातला दिवा विझला. काल ज्या जंगलात त्यांचा कॅरी, म्हणजे पुढे संघाचा भार उचलणारा खेळाडू, एकटा, निवांत सोनं गोळा करत होता, तिथे आज त्याला दोन सोबती घेतल्याशिवाय जाता येत नाही. मी मुलांना सांगते, टॉवर पाडल्यावर नकाशाच्या त्या तुकड्याकडे बघा आणि विचारा, आता इथे यायला कोण घाबरेल?

माझ्या मनावर कायमची कोरलेली एक हार २०१६ ची आहे. पुण्यातल्या एका छोट्या स्पर्धेची उपांत्य फेरी, अठ्ठाविसावं मिनिट. नदीकाठी आम्ही त्यांचे तिघं पाडले. पाचही जणांच्या तोंडी एकच शब्द, रोश. रोशन हा गुहेत बसलेला राक्षस. त्याला मारलं की एजिस मिळतं. ज्याच्याकडे एजिस असेल तो मेला तरी पाच सेकंदांत तिथेच उठतो, पण पाच मिनिटांत ते वापरलं गेलं नाही तर विरून जातं. गुहेला तोंड एकच, आणि आत शिरलं की बाहेरचं दिसत नाही.

आम्ही आत शिरलो. मी सपोर्ट, म्हणजे वॉर्ड लावून बाकीच्यांना सांभाळणारी. माझ्या पिशवीत वॉर्ड होता आणि तो मी बाहेरच्या उंचवट्यावर लावला नाही, कारण सगळे "लवकर ये, लवकर ये" म्हणत होते. रोशनचं बळ निम्म्यावर आलं तेव्हा त्यांच्या कॅरीनं बायबॅक केला. साठवलेलं सोनं मोजलं आणि तो तत्काळ जिवंत झाला. मग मेलेले दोघं उठले. पाचही जण सरळ गुहेकडे आले आणि आम्हाला ते तोंडाशी आल्यावर दिसले. आमचे चार मेले. एजिस त्यांनी घेतलं. आठ मिनिटांनी आमचा एन्शंट पडला. किल आमचेच जास्त होते.

कित्येक दिवस मी त्या न लावलेल्या वॉर्डला दोष देत राहिले. मग एका रात्री रिप्ले पुन्हा लावला आणि या वेळी गुहेकडे न बघता लेनकडे बघितलं. खालच्या लेनमध्ये त्यांच्या क्रीपची दुहेरी लाट आमच्या दुसऱ्या टॉवरला लागली होती. वरच्या लेनमध्येही त्यांचीच लाट पुढे होती. म्हणजे त्यांना घरी राखायला काहीच नव्हतं. ते पाचही जण मोकळे होते, म्हणूनच पाचही आले. चूक गुहेत झाली नव्हती. दीड मिनिट आधी आमचे दोघं खालची लाट कापून पुढे ढकलू शकत होते, तेव्हा ते शिकारीला गेले होते.

हे कळलं तेव्हा मला आबांची आठवण झाली. आमची शेती सांगली जिल्ह्यात, ऊस. लहानपणी रात्रीची लाईट असली की आबांबरोबर मी दारं धरायला जायचे. विहिरीवरची मोटर सुरू, पाटातून पाणी येतंय, आणि आबा खोरं घेऊन चिखलात उभे. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बांधायचं आणि पुढच्या सरीचं दार मोडायचं. मी बॅटरी धरायचे. मला वाटायचं, सरी भरली की मग पुढचं दार मोडायचं. आबा मात्र पाणी शेवटाला पोचायच्या आधीच पुढच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. "पाणी पोचल्यावर धावलं तर बांध फुटतो गं," म्हणायचे. भरून वाहू लागलेल्या पाण्याला कुणीच ऐकवू शकत नाही. ते येण्याआधी त्याची वाट केलेली असेल, तर एकटा माणूस रात्रभरात रान भिजवतो.

क्रीपची लाट तशीच आहे. दर ३० सेकंदांनी येणारच. तिन्ही पाटांतून येणार. तुम्ही ती थांबवू शकत नाही, कुठल्या बाजूला तुंबेल एवढं ठरवू शकता. रोशनला जायच्या मिनिटभर आधी दोन लेन पुढे ढकलल्या, तर तुम्ही गुहेत शिरता तेव्हा त्यांच्या टॉवरवर दोन लाटा आदळत असतात. आता त्यांना निवड करावी लागते. टॉवर राखायला दोघं गेले तर गुहेकडे तिघंच येतात. पाचही आले तर टॉवर जातो. त्यांनी काहीही निवडलं तरी तुम्हाला काहीतरी मिळतंच. ऑब्जेक्टिव्ह हा शब्द आम्ही टॉवर, रोशन आणि बॅरॅक्स, म्हणजे क्रीपच्या छावण्या, यांसाठी वापरतो, जणू त्या नकाशावरच्या जागा आहेत. माझ्या मते ते वेळेचे ठिपके आहेत. त्या जागेवर पोचता तेव्हा काम बरंचसं आटोपलेलं असायला हवं.

म्हणून मी पहिल्यांदा घड्याळ शिकवते. समजा रोशन १८:४० ला मेला. सपोर्टनं लगेच चॅटमध्ये वेळ लिहायची आणि डोक्यात तीन आकडे धरायचे. २३:४० ला एजिस संपणार. रोशन परत यायला कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त अकरा मिनिटं लागतात, म्हणजे तो २६:४० च्या आधी नाही आणि २९:४० च्या नंतर नाही. मग पंचविसाव्या मिनिटाला आपण काय करत असायला हवं? गुहेच्या बाजूचे त्यांचे अदृश्य वॉर्ड सेंट्रीनं, म्हणजे ते उघडे पाडणाऱ्या वॉर्डनं, शोधून फोडत, आपले लावत, आणि आपल्या कॅरीला त्या बाजूच्या लेनकडे सरकवत. एका मुलीनं हे आकडे पहिल्यांदा स्वतः काढले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, म्हणजे आत्ताच जायला हवं!" त्या दिवशी ती सपोर्ट झाली असं मी मानते.

या विषयावर मी मुलांना दोन जुने सामने दाखवते. पहिला ऑगस्ट २०१३ चा, सिएटलमधला, द इंटरनॅशनलच्या अंतिम फेरीचा पाचवा गेम. स्वीडनचा अलायन्स आणि युक्रेनचा ना'व्ही, २-२ अशी बरोबरी. समोरासमोर लढण्यात ना'व्हीचा हात वरचढ होता, आणि अलायन्सनं ती लढाई होता होईल तितकी टाळली. त्यांच्याकडे नेचर्स प्रॉफेट होता, जो नकाशावर कुठेही जाऊन उभा राहू शकतो. तुम्ही इकडे जमा झालात की तिकडे तुमची एक वास्तू पडायची. शेवटी ना'व्हीचे खेळाडू घर राखायला टीपी करून परतू लागले, तेव्हा अलायन्सच्या एस४ नं पक नावाच्या हीरोची ड्रीम कॉइल टाकून ते टीपी मोडले. तो क्षण जगभर गाजला. त्या कॉइलनं प्राण फारसे घेतले नसतील, पण परतीची वाट तोडली. मी तो क्षण दाखवते आणि मग रिप्ले दोन मिनिटं मागे नेते, कारण त्या वेळी लाटा कुठे होत्या हे पाहिल्याशिवाय कॉइलचं मोल कळत नाही.

दुसरा ऑगस्ट २०१५ चा. त्याच स्पर्धेची अंतिम फेरी, ईजी आणि सीडीईसी हे संघ, चौथा गेम. सीडीईसी रोशनच्या गुहेत जमले असताना लांबून एन्शंट अ‍ॅपारिशनचा आइस ब्लास्ट आला आणि पाठोपाठ युनिव्हर्सनं अर्थशेकर घेऊन उडी मारून एको स्लॅम केला. शत्रू जितके दाटीनं उभे, तितका तो घाव मोठा होतो. विजेतेपद ईजीला गेलं. ती गुहा काही क्षणांत बक्षिसाचा सापळा झाली. २०१६ च्या आमच्या चौघांना मी त्यातच बघते.

नकाशा कायम राहत नाही, हेही शिकवावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये ७.३३ आवृत्ती आली आणि नकाशा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढला. रोशनला एकाऐवजी दोन गुहा मिळाल्या, आणि दिवस-रात्र बदलते तसा तो एका गुहेतून दुसरीकडे जाऊ लागला. माझे दहा वर्षांचे वॉर्ड एका रात्रीत निकामी झाले. अनेक जुने खेळाडू चिडले. मला तो बदल पटला. जागा पाठ केलेल्यांचं नुकसान झालं, पण ज्यांना घड्याळ आणि लाटा कळत होत्या ते दोन-तीन आठवड्यांत सावरले. पुढेही नकाशा बदलत राहिला आणि बदलत राहणार. दर नव्या आवृत्तीनंतर मी मुलांना पहिले दोन दिवस सामने खेळू देत नाही. रिकाम्या नकाशावर फिरायला लावते. कुठून काय दिसतं, कुठून दिसत नाही, टॉवरपासून गुहेपर्यंत चालत किती सेकंद लागतात, हे मोजायला सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या पोरांचा एक सराव सामना झाला. समोरचा संघ हातानं आमच्यापेक्षा सरस होता. तेहतिसाव्या मिनिटाला मुलांनी रोशनकडे जायचं ठरवलं. पण आधी आमच्या ऑफलेनरनं खालची लाट पुढे ढकलली, मिडनं मधली. सपोर्टनं सेंट्री लावून त्यांचा वॉर्ड फोडला. मग पाचही जण स्मोक लावून, म्हणजे नजरेआड होऊन, गेले. गुहेत काहीच घडलं नाही. त्यांचे तिघं टॉवर राखायला गेले होते, बाकीचे दोघं लांबून बघून परतले. रोशन पडला. एजिस घेऊन मुलं वरच्या लेननं चढली, बॅरॅक्स घेतले, आणि त्या लेनमधून आमचे क्रीप जास्त ताकदीचे होऊन निघू लागले. त्या अख्ख्या दीड मिनिटात एकही किल नाही. मी मागे उभी होते. हात थरथरत होते माझे.

एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांचा एन्शंट पडला. स्कोअरबोर्डवर त्यांचे किल ३१ होते, आमचे १९.