पेला तं पेला

आरमोरीपलीकडच्या टोल्यावरल्या एका गोंड आजीची मी ऋणी आहे, आणि ते ऋण दारूपायीचं आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी. ती मागायला बायाच रस्त्यावर आल्या होत्या, तिला मी नावं ठेवणार नाही. पण बंदी आली तरी मोहाची झाडं जागेवरच होती, आणि पिणारा लपून, घाईघाईनं, एकटा प्यायला लागला. आजीला धास्ती होती ती या एकट्याची.

तिच्याकडं मोहाचे पहिले थेंब पेनाला, म्हणजे देवाला, नि पूर्वजांना. मग माणसांना, तेही लग्नात, सणात, मयतीत. चारचौघांत बसून, पोटात चार घास घालून. नवख्याला थोडीच. एखादा आडवा झाला की आजी त्याला कुशीवर वळवायची, तोंड जरा खाली करायची आणि घरचं कुणीतरी उशाशी बसवायची. बायको कावली तर म्हणायची, "पेला तं पेला. पाठीवर नको नीजवू, वकला तं श्वास कोंडन. शिव्या सकारी दे." शेजारी चिंचेचं पाणी पाजायला धावले की त्यांना हाकलायची. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, हे ती कुठं शिकली ते तिलाही सांगता येत नसे. जुनं ते सगळं शहाणपणाचं, असं मी म्हणत नाही. चिंचेचं पाणीही जुनंच होतं.

पुढं मुंबईत गर्द ओढणाऱ्या, सुई घेणाऱ्या मुलांमध्ये काम केलं. तिथल्या प्रशिक्षणात सांगत होते: एकट्यानं घेऊ नका, मध्ये खंड पडला असेल तर पूर्वीएवढी मात्रा घेऊ नका, बेशुद्धाला कुशीवर वळवा, जवळून हलू नका. मला हे सगळं टोल्यावरचंच वाटलं. नवं होतं ते नॅलॉक्सोन. अफू-हेरॉइनच्या जातीच्या नशेनं मंदावलेला श्वास ते परत आणू शकतं. १९९६मध्ये शिकागोत ते थेट नशा करणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात झाली, कारण माणूस पडतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, दुसरा नशा करणाराच असतो. इम्फाळची 'सासो' ही संस्थाही नशेतून गेलेल्यांनीच उभारली. दारूवर मात्र नॅलॉक्सोन चालत नाही. तिथं आजीचीच रीत, आणि १०८ची गाडी.

ही रीत आता मी इतरांना शिकवते, पण जिच्याकडून शिकले तिचं नाव सांगत नाही. आजीनंच तसं बजावलंय. बंदीच्या जिल्ह्यात मोह गाळणाऱ्या बाईचं नाव छापून आलं, तर आभार मानणाऱ्यांच्या आधी तिच्या दारात पोलीस पोचतील.