पानावरची दुसरी नोंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि गुळाची आडत करणाऱ्या एका घराण्याकडे २०१८ साली घेतलेला मध्यम आकाराचा मालट्रक आहे. रत्नागिरीकडे जाताना गूळ, हळद, कडधान्ये आणि हंगामात परतताना आंब्याच्या पेट्या, हा त्याचा नेहमीचा क्रम. गाडीवर चालक एकच, पेढीवर वीस वर्षे काढलेला. घरातील मुले त्याला मामा म्हणतच मोठी झाली.

धाकटा मुलगा बी.कॉम. होऊन पेढीवर बसू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. पहाटेच्या लिलावाला ज्याचा आंबा आधी पोहोचतो, त्याला भाव चांगला मिळतो. आणि भरलेली आपली गाडी आंबा घाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असते. हेतू वाईट नव्हता. त्याने कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून तेल लावलेला कापडी फिल्टर बसवला, मोकळा सायलेन्सर लावला. या दोन गोष्टी शेठजींच्या कानावर होत्या. तिसरी नव्हती. “गाडी बँकेकडे तारण आहे, इंजिनाला हात लावायचा नाही,” असे त्यांनी स्पष्ट बजावले होते. तरीही मुलाने परगावाहून एक छोटी ट्यूनिंगची पेटी आणली आणि वायरिंगच्या जुडग्यात काळ्या टेपखाली बसवून घेतली.

ही पेटी करते काय, हे समजून घेण्यासारखे आहे. आजच्या डिझेल इंजिनात सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एक जाड नळी असते, तिला रेल म्हणतात. तिच्यातील दाब एक सेन्सर मोजतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवतो. पेटी या दोघांच्या मध्ये बसते आणि खऱ्यापेक्षा कमी दाब कळवते. संगणक तो आकडा खरा मानतो, दाब वाढवतो आणि तेवढ्याच क्षणात सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाते. कारकुनाने हातची शिल्लक कमी दाखवून वरून जादा रोकड मागवावी, तसाच हा प्रकार. जोर वाढतो, हे खरे. परंतु कंपनीने डिझेल, हवा आणि उष्णता यांचा जो मेळ घातलेला असतो, तो बिघडतो आणि तो बिघडल्याचे संगणकाला कळतही नाही.

पहिले पंधरा दिवस गाडी धावली. पुढे एका रात्री साखरपा सोडून घाट चढताना मागे काळ्या धुराचा लोट उठला, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर एकाएकी गेला. मामांनी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तेव्हा ती नीट चालली. चार-पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. त्या दिवशी आंबा लिलाव संपल्यावर पोहोचला. डिझेलचा हिशेबही विस्कटला. लिटरला साडेआठ किलोमीटर देणारी गाडी सातवर आली.

शेठजींनी मामांना गादीसमोर बोलावून विचारले, “डिझेल जाते कुठे?” त्याच महिन्यात मामांच्या मुलीचे लग्न झाले होते आणि ती गोष्ट न बोलताही त्या प्रश्नात होती. मामा म्हणाले, “शेठ, धूर बघा. डिझेल तिथं जातंय.” शेठजींना ती सबब वाटली. आसपास हमाल होते, शेजारच्या गाळ्यातले दोघे आडते होते. मामांनी किल्ल्या गादीच्या कडेला ठेवल्या आणि ते निघून गेले. मुलगा तिथेच बसला होता, हातात लेखणी घेऊन.

बदली चालक आला, तरी धूर गेला नाही. गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने स्कॅनर जोडला तर रेलच्या दाबाचा दोष दिसला. अशा वेळी पहिला संशय डिझेल फिल्टर तुंबल्याचा, म्हणून तो बदलला. फरक पडला नाही. मग आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर नव्या फिल्टरमधून आलेल्या तेलाचा पातळ थर सापडला. तो साफ केल्यावर गाडी उचल थोडी बरी घेऊ लागली. पुढे हवेचा दाब देऊन, साबणाचे पाणी लावून पाहता टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या सांध्यावर बुडबुडे आले. फिल्टर बसवताना तिथली क्लिप सैल राहिली होती. तीही आवळली. धूर कमी झाला, गेला नाही.

तेरीज न जुळल्याच्या रात्री ज्यांनी जागून काढल्या आहेत, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. एक चूक सापडली की सुटलो असे वाटते. पण दोन-तीन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. मग उपाय एकच. जेथपर्यंत हिशेब जुळत होता, तेथपर्यंत मागे जायचे. मिस्त्रीनेही तेच केले. कंपनीचा मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर पुन्हा बसवला आणि माल भरून गाडी चढावर नेली. धूर तसाच.

तो मुलाला म्हणाला, “गाडी पहिल्यासारखी केली, तरी दुखणं तेच. म्हणजे ती पहिल्यासारखी झालेली नाही. आणखी काय बदललंय, छोटे शेठ?”

“काही नाही,” मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी डिझेलची वही मागवली. मामांच्या देण्यातून किती तूट वळती करायची, ते ठरवायचे होते. मुलाने रोजकीर्द उघडून पान पुढे केले. ज्या तारखेपासून डिझेलचा खर्च चढला होता, तिच्या लगेच खालच्या ओळीत नोंद होती: गाडी किरकोळ दुरुस्ती, रुपये १२,५००. अक्षर त्याचेच. शेठजींच्या डोळ्यांखालून तीस वर्षांत हजारो पाने गेली होती. त्या दिवशी त्यांनी वरची ओळ वाचली आणि खालची वाचली नाही. संशय आधी ठरला असला की हिशेब तपासला जात नाही, त्याला पुरावा म्हणून वापरले जाते.

सायंकाळी चौविहारानंतर शेठजी प्रतिक्रमणाला बसले. मुलगा क्वचितच बसत असे, त्या दिवशी बसला. आलोचनेत दोष क्रमाने, काही न वगळता सांगायचे असतात, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. विधी पूर्ण झाल्यावर तो म्हणाला, “पप्पा, डिझेल मामांनी नाही घेतलं.”

शेठजींनी सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “मी त्यांना बोलत होतो, तेव्हा तू तिथंच होतास ना?”

“हो.”

त्यानंतर त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

पेटी काढायला मिस्त्रीला दहा मिनिटे लागली. सेन्सरची मूळ जोडणी केली, दोषाची नोंद पुसली, इंजेक्टर तपासून घेतले. सुदैवाने पिस्टनपर्यंत झळ पोहोचली नव्हती. भरलेली गाडी घाट पूर्वीसारखीच दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश चढली. या अवधीत अपघात घडला असता, तर विमा कंपनीने त्या पेटीबद्दल काय काय विचारले असते, याचा विचार व्यापारी माणसाने स्वतःच करावा. वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, हे अनेक वाहनमालकांच्या गावीही नसते.

पिता-पुत्र दोघेही मामांच्या घरी गेले. गेल्या संवत्सरीला मुलाने तीनशे जणांना एकाच संदेशातून ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवले होते, त्या यादीत मामांचाही क्रमांक होता. समोर उभे राहून तेच शब्द म्हणताना त्याला दोनदा थांबावे लागले.

मामांनी दोघांना बसायला सांगितले, पाणी दिले. मग विचारले, “पेटी काढली?”

“काढली.”

“आणि यार्डात माझ्या नावावर जे बसलंय, ते कोण काढणार?”

दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी, त्याच हमालांपुढे आणि शेजारच्या त्याच आडत्यांपुढे शेठजी म्हणाले, की चूक आमच्या पेढीची होती, मामांची नव्हती. एवढेच बोलून ते गाळ्यात परतले. मुलाने १२,५०० ची नोंद पेढीच्या खर्चातून काढून स्वतःच्या नावे टाकली.

सोमवारी मामा आले. किल्ल्या घेतल्यावर त्यांनी गाडी सुरू केली नाही. आधी इंजिन उघडून वायरिंगवरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवले, मग ते बंद केले. अजूनही प्रत्येक फेरीला निघण्यापूर्वी ते तसेच करतात. मुलगा त्या वेळी गाळ्याच्या दारात उभा असतो.