ढकलायचं की ओढायचं?

२००३-०४ च्या सुमारास कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचं मनात आलं, की पहिला प्रश्न पडायचा तो रेडिएटरचा. तयार रेडिएटर परदेशात मिळत, तेही मोजके आणि महाग. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी त्यावर मोटारीच्या भंगारात उत्तर शोधलं होतं. १९७७ च्या पॉन्टिअ‍ॅक बॉनव्हिल गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर त्यांच्यात इतका नावाजला, की ती गाडी जन्मात न पाहिलेली पोरंही तिचं नाव आदराने घेत. आम्ही मुंबईतले वेडे कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं पालथी घालायचो आणि पंख्यांसाठी लॅमिंग्टन रोड गाठायचो.

दुसरा प्रश्न मात्र कुठल्याच दुकानात सुटत नसे. पंखा रेडिएटरच्या कोणत्या बाजूला बसवायचा? त्याच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पत्र्यांमधून, वारा ढकलायचा, की पलीकडून ओढून घ्यायचा? का दोन्ही बाजूंनी पंखे लावायचे? या एका मुद्द्यावर आमच्या रात्री सरल्या, चहाचे ग्लास रिकामे झाले आणि मैत्र्या मात्र घट्ट झाल्या.

वाद पोकळ नव्हता. पंख्याच्या मधोमध मोटर असते, तिथून वारा येतच नाही. पंखा रेडिएटरला चिकटवून ढकलायला लावला, की बरोबर मधल्या भागातल्या फिन्स उपाशी राहतात. यावर तोड निघाली ती अशी: जळालेला पंखा घ्यायचा, त्याची मोटर आणि पाती काढून टाकायची आणि उरलेली रिकामी चौकट चालू पंखा व रेडिएटर यांच्यामध्ये बसवायची. मध्ये २५ मिमीची मोकळी जागा मिळाली, की वारा पसरून सगळीकडे पोचतो. याला सगळे ‘श्राउड’ म्हणत. टाकाऊ पंख्याला त्या दिवसांत जी किंमत होती, ती आज नव्यालाही नाही.

ओढणाऱ्या मांडणीत फिन्समधून येणारी हवा जास्त सारखी वाटली जाते. विदर्भातला वाळ्याचा कूलर आठवा. पंखा आत, ताट्या बाहेर, मध्ये भरपूर पोकळी. म्हणून तीनही ताट्यांमधून हवा बिनतक्रार खेचली जाते. नागपूरकडच्या मित्राला हे समजावून सांगावं लागलं नव्हतं.

दोन्ही बाजूंनी पंखे लावले, की वारा दुप्पट होईल अशी पुष्कळांची समजूत असे. तसं होत नाही. एकामागे एक लावलेले पंखे वाऱ्याचा दाब वाढवतात, आणि त्या दाबाचा उपयोग अडथळा दाट असेल तिथेच होतो. फिलिपिन्सच्या हार्डवेअर लॅब्सचा ब्लॅक आइस जीटीएस घ्या. एका इंचात ३० फिन्स! अशा रेडिएटरला दुहेरी पंख्यांचा खरा फायदा व्हायचा, त्यातही पंखे हळू फिरत असतील तर अधिक. इंग्लंडच्या थर्मोचिलसारख्या विरळ फिन्सच्या रेडिएटरवर तोच खटाटोप जेमतेम अंश-दोन अंशांसाठी ठरे. रेडिएटर हातात आला, की तो उजेडाकडे धरून फिन्स किती दाट आहेत ते आम्ही आधी बघायचो. पंख्यांची मांडणी त्यानंतर ठरायची.

आवाजाचं काय सांगावं! डेल्टाचे ३८ मिमी जाडीचे पंखे पूर्ण वेगाने सुरू झाले, की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हायची. मग पंख्याची एक तार एसएमपीएसच्या पिवळ्या तारेला, म्हणजे १२ व्होल्टला, आणि दुसरी लाल तारेला, म्हणजे ५ व्होल्टला जोडायची. दोहोंतला फरक ७ व्होल्ट. पंखा शांत, घर शांत. स्क्रूचीही काळजी घ्यावी लागे. तो थोडा जरी लांब निघाला, तरी थेट रेडिएटरच्या नळीत घुसे आणि पाण्याची धार लागे.

आता चित्र पार बदललं आहे. २००९ मध्ये कॉर्सेअरचा एच५० आला. असेटेकने बनवलेला, पंप-नळ्या-रेडिएटर सगळं सीलबंद, पाणी आधीच भरलेलं. तेव्हाही हौशी लोकांनी दुसऱ्या बाजूला आणखी एक पंखा लावलाच. पुढे २४० आणि ३६० मिमीचे रेडिएटर घरोघरी पोचले. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर २ सारख्या कूलरला तर पंखे कारखान्यातूनच बसवलेले येतात, वायरीही लपवलेल्या. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड स्वतः ठरवतो. पिवळ्या-लाल तारांची ती जोडणी कुणाला ठाऊकही नाही.

पंखे खरोखर सुधारले. जपानच्या निडेक सर्व्होचा जेंटल टायफून हातात आला, तेव्हा शांत पंखाही दाट फिन्समधून वारा काढू शकतो हे आम्हाला पहिल्यांदा पटलं. २०१८ च्या नॉक्टुआच्या एनएफ-ए१२×२५ मध्ये पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. २०२१ मध्ये फँटेक्सने ३० मिमी जाडीचा टी३० काढला. एवढा दाब एकाच पंख्यातून मिळू लागल्यावर दुहेरी मांडणीची गरजच कमी झाली. ओढणाऱ्या पंख्याची मागची बाजू दिसते आणि शोभत नाही, म्हणून आता उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात!

आजच्या सोयीला मी मनापासून मानतो. तेव्हाचा सर्वात तापट पेंटियम ४ प्रोसेसर ११५ वॉटचा होता. आज कोअर आय९-१४९००केला २५३ वॉटपर्यंत मुभा आहे, आणि तरीही माझ्या टेबलावर तेव्हापेक्षा अधिक शांतता आहे. ही प्रगती ज्यांनी घडवली त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

हळहळ वाटते ती इतकीच, की वारा कुठून येतो, कुठे अडतो आणि कुठे जातो हे बघायची सवय सुटली. वाऱ्याचे नियम तर तेच आहेत. कितीही उत्तम पंखा लावा, रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. मुंबईच्या मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत बाहेरची हवा रेडिएटरमधून आत घ्यायची, की ग्राफिक्स कार्डाने तापवलेली आतली हवा त्यातून बाहेर सोडायची, हा निर्णय आजही काही अंशांचा फरक पाडतो, आणि तो आजही आपणच घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या धुळीची. ढकलणाऱ्या मांडणीत धूळ पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचते. बाहेरून सगळं लख्ख दिसतं आणि आत नमद्यासारखा थर बसलेला असतो. ओढणाऱ्या मांडणीत तीच धूळ फिन्सच्या उघड्या बाजूवर डोळ्यांना दिसते आणि मऊ ब्रशने निघते. आपल्या हवेत मला म्हणूनच ओढणारी मांडणी अधिक भावते.

तेव्हा यंदा दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा कॅबिनेटही उघडा. वीज बंद करून रेडिएटरच्या पंख्यांचे स्क्रू सोडवा, फिन्स ब्रशने स्वच्छ करा, वारा कुठल्या दिशेने वाहतो ते नीट बघा आणि मगच पंखे परत बसवा. घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर त्यालाही शेजारी बसवा.