वाफसा येईपर्यंत
प्रवासाची दैनंदिनी : भाग तिसरा

गुरुवार, १५ जून. पुणे ते केडगाव

मागचा भाग पुण्यात थांबला होता. आज सकाळी दौंडकडे जाणारी गाडी धरली. लोणी, उरुळी, यवत मागे पडत गेलं. मृग लागून आठवडा होत आला तरी रानं उघडीच आहेत. नांगरून, कुळवून ठेवलेली काळी जमीन आणि वर फटफटीत आभाळ. डब्यात समोर बसलेले एक आजोबा दर दहा मिनिटांनी खिडकीतून वर बघत आणि काही न बोलता पुन्हा मान खाली घालत.

माझ्या पिशवीत वडिलांचं, आमच्या बापूंचं, पवित्र शास्त्र आहे. कापडी बांधणीचं, कडा झिजलेलं. चार वर्षांपूर्वी वडील गेले, आणि वाटणीच्या दिवशी दादाचं नि माझं जे बोलणं झालं ते शेवटचंच ठरलं. निघताना मी फळीवरचं हे पुस्तक उचललं आणि कुणाला न विचारता घेऊन आले. नंतर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. सोमवारी राहुरीला दादाकडे पोचायचं आहे, पण तो दारात उभं करील की नाही, ठाऊक नाही.

केडगावला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या फाटकातून आत गेले आणि झाडांखाली जरा टेकले.

शुक्रवार, १६ जून. केडगाव

पंडिता रमाबाईंबद्दल लहानपणापासून ऐकत आले, पण त्यांच्या आयुष्यात वाट पाहण्याचा भाग किती मोठा आहे हे इथं आल्यावर उमगलं. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये, पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म हाती आला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त गवसायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत प्रांजळपणे सांगितलं आहे. त्या आठ वर्षांत त्या थांबून राहिल्या नाहीत. शारदा सदन उभं केलं, विधवा मुलींना शिकवलं, टीका सोसली. आतली पोकळी भरली नव्हती तरी हातातलं काम त्यांनी खाली ठेवलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना इथं घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर इथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. इतक्या तोंडांना रोज पाणी आणि भाकरी लागते. त्यासाठी इथं विहिरी खोदल्या गेल्या. रमाबाई प्रार्थना करीत आणि माणसं खणत राहत. मला हे दोन्ही एकच काम वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळले ते त्यांच्या भाषांतराच्या आठवणींपाशी. साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवायचं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासल्या. त्या कामात आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं गेली. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य दे, एवढंच मागणं त्यांनी देवाकडे केलं आणि ते पुरं झाल्यावरच प्राण ठेवला, असं इथं सांगतात. तारीख होती ५ एप्रिल १९२२. पुस्तक छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. बांधलेली प्रत त्यांनी पाहिली नाही.

संध्याकाळी चौफुल्यापर्यंत गेले. तुकोबांच्या पालखीबरोबरची माणसं रस्त्यानं चालली होती. एका माउलीला विचारलं, पेरणी झाली का? म्हणाल्या, "न्हाई बाई. तो पाडील तवा पाडील. आपुन चालायचं." डोक्यावरची तुळस सावरून त्या पुढं गेल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. त्या पुलावर आज मीही क्षणभर उभी राहिले.

शनिवार, १७ जून. दौंड ते नगर

दौंडला गाडी बदलून मनमाडच्या लाइनीला लागले. मध्येच एका लहान स्टेशनावर क्रॉसिंगसाठी गाडी थांबली. पंखे बंद, वारा नाही. पूर्वी अशा वेळी मी दहा वेळा घड्याळ पाहिलं असतं. आज टिळकांची गोष्ट आठवत बसले.

तीही रेल्वेच्या डब्यातलीच. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून धर्मावर आलं. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेले. टिळकांनी ते पुस्तक वाचलं, प्रश्न विचारले, झगडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या गृहस्थांचा मी विचार करते. त्यांनी बी टाकलं आणि ते पुढच्या स्टेशनाकडे निघून गेले. उगवलं का, हे पाहायला ते थांबले नाहीत. मी मात्र दादाला पत्र टाकलं त्याच्या चौथ्या दिवसापासून पोस्टमनची वाट धरली होती. बी पेरून रोज माती उकरून पाहावी, तसं.

रविवार, १८ जून. नगर

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच १८४२ मध्ये सुरू झालं. आज एका जुन्या मंडळीत उपासनेला बसले. टाळ-मृदंगावर भजन झालं आणि पाळकसाहेबांनी लाजाराचा प्रसंग उपदेशासाठी घेतला.

लाजार आजारी आहे हा निरोप येशूला मिळाला. मार्था, मरीया आणि लाजार यांच्यावर त्याची प्रीती होती. तरी तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणींनी एकच गाऱ्हाणं केलं : तू आधी आला असतास तर आमचा भाऊ वाचला असता. पाळकसाहेब म्हणाले, येशूनं त्या गाऱ्हाण्याचा राग धरला नाही. तो रडला. उशीर करणारा देव आणि रडणारा देव एकच आहे, हे ज्याला पटलं त्याला वाट पाहता येते.

मी मान खाली घालून बसले. माझ्या चार वर्षांच्या प्रार्थना डोळ्यांपुढे आल्या. रोज एकच मागणं : देवा, दादाचं मन वळव आणि लवकर वळव. माझं मन वळव, असं एकदाही म्हटलं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात रात्र-रात्र जागला तो. त्यालाच मी चार माणसांत म्हणाले होते, तू त्यांना नीट पाहिलं नाहीस. ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज इथं लिहिते आहे. देवाला उशीर झाला असं चार वर्षं मी म्हणत होते, आणि तो माझ्याच दाराशी उभा होता.

दुपारी 'ख्रिस्तायना'विषयी बोलणं निघालं. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतलं. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं शिक्षण घरातच, जेमतेम झालेलं. त्यांनी ते काम उचललं आणि साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. एकानं नांगरलं, दुसरीनं पेरलं, मळणी झाली तेव्हा खळ्यावर दोघंही नव्हती.

सोमवार, १९ जून. राहुरी

याच राहुरीत टिळकांचा संसार होता. पतीनं बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं. दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या, पण आपलं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक सांभाळूनच. टिळकांनी त्यांना ओढलं नाही. जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला, हे एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! एका घरातल्या एका जिवाची वाट पाहणं सगळ्यात कठीण असतं, हे मला आता कळतं.

वस्तीवर पोचले तेव्हा वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "या, वन्सं. ते रानात आहेत." मी बांधापर्यंत गेले. दादा बाभळीखाली बसून तिफणीचा फण बसवत होता. केस पार पांढरे झालेत.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मीच विचारलं, "पेरलं नाहीस अजून? वाटेत एक-दोन ठिकाणी धूळपेरणी झालेली दिसली."

"त्यांचं त्यांना. एखादी हलकी सर आली तर बी फुगतं, आणि मागून पाऊस ओढला की तिथंच करपतं." त्यानं फण हातात फिरवला. "आणि मोठा पडला तरी लगेच पेरायचं नसतं. चिखलात तिफण घातली तर रान दबतं. वाफसा येऊ द्यावा लागतो. ढेकूळ मुठीत धरलं की अलगद फुटलं पाहिजे."

मी त्याच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी बापूंवरून जे बोलले ते खोटं होतं. तू त्यांना सांभाळलंस तसं मला जमलं नसतं. मला क्षमा कर."

तो काही बोलला नाही. फण बाजूला ठेवला आणि लांब बांधाकडे बघत राहिला. पूर्वीची मी असते तर तिथंच उत्तर मागितलं असतं. आज मागितलं नाही. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघं त्या उघड्या रानात नुसते बसून होतो.

दिवेलागणीला मी पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं आणि जिथून उचललं होतं त्याच फळीवर ठेवलं. दादानं ते पाहिलं. हात धुतले, पुस्तक खाली घेतलं आणि बापू बसायचे तिथं भिंतीला टेकून बसला. वहिनींनी सतरंजी टाकली. त्यानं याकोबाचं पत्र उघडलं. जमिनीच्या पिकासाठी धीर धरणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट जिथं येते, तिथं बापूंनी पेन्सिलीनं रेघ ओढलेली आहे. दादाचा आवाज हुबेहूब बापूंसारखा झालाय.

प्रार्थना झाल्यावर पुस्तक मिटत तो म्हणाला, "पाऊस झाला की कळवतो. पेरणीला ये."

आत्ता अंगणात बाजेवर बसून हे लिहिते आहे. पश्चिमेला ढग आहेत, पण वारा त्यांना पुढं नेतो आहे. उद्या नाशिकला निघायचं. रान तयार आहे.